शेजारचा दात

"तुमच्या दातांना खोड काय होती?" नानांनी विचारलं.

खुर्चीत बसलेले गृहस्थ चपापले. उभी नोकरी बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेलेले ते कंडक्टर. तोंडाचं पार बोळकं झालं होतं, पण आवाज अजून बसच्या मागच्या दारापर्यंत जाईल असा होता.

"खोड? मला कशलीच खोड नाही. शिगारेटशुद्धा ओढली नाही कधी."

"तुमची नाही हो, दातांची. होते तेव्हा कसे होते?"

"कशे म्हणजे? शरळ. एका रांगेत."

मागे उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोला हसू आवरेना. "सरळ कुठले! पुढच्या दोन दातांमध्ये ही एवढी फट. बस सोडायची तर बेल मारायचे नाहीत, त्या फटीतून शीळ घालायचे. मी घरात भाजी निवडत बसलेली असले तरी कळायचं, स्वारी कोपऱ्यावरून चाललीय."

"एवढी म्हणजे केवढी?" नाना लगेच पुढे सरकले.

बाईंनी करंगळीचं नख आडवं धरून दाखवलं. नानांनी ते इतकं निरखून पाहिलं की त्या वयातही बाई लाजल्या. कंडक्टर मात्र कुरकुरत होते. नवे दात करायचेत तर चांगले करा, जुनी फट कशाला परत, वगैरे. नानांनी नेहमीप्रमाणे मान डोलावली आणि नेहमीप्रमाणे त्यांचं काही ऐकलं नाही.

आमच्याकडे कवळी पक्की करण्याआधी दात मेणात बसवून एकदा तोंडात घालून बघतात. त्याला आम्ही ट्राय म्हणतो. त्या कंडक्टरांची ट्राय मला अजून आठवते. मेणाची कवळी तोंडात बसली, त्यांनी आरशात पाहिलं, आणि काही बोलायच्या आत त्यांच्या नकळत ओठांचा चंबू झाला. शीळ फार बारीक आली, मध्येच फुसफुसली, पण आली. बायकोचं हसू तिथल्या तिथे थांबलं. तिनं पर्समधून रुमाल काढला आणि ती कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाली, "आले बाई."

नाना म्हणाले, "बसली." आणि पुढच्या कामाला लागले.

हे नाना म्हणजे माझे सासरे. कवळ्या बनवणं हा त्यांचा जन्माचा धंदा. खाली दातांचा दवाखाना, त्याच्यावर आमचं वर्कशॉप आणि वर्कशॉपच्या मागच्या दारातून आत गेलं की आमचं घर. खालच्या डॉक्टरीणबाई माप घेतात, हिरड्यांचे साचे वर पाठवतात, आणि पेशंटला वर पाठवायचं असलं की टेबलाखालचं बटण दाबून आमच्याकडे बेल वाजवतात. ती बेल दुसऱ्यांदा वाजू द्यायची नाही, हा नानांचा नियम. घास हातात असला तरी ताटातून उठतील, पण पहिल्या बेलला जिन्याच्या तोंडाशी उभे. दात नसलेल्या माणसाला आधीच लाज वाटत असते, त्याला दारात ताटकळत ठेवायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या नवऱ्याला गुलाबी हिरड्या नुसत्या बघूनच लहानपणापासून मळमळतं, म्हणून त्यानं बँकेतली नोकरी धरली. मला मात्र लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या तापलेल्या मेणाच्या वासाची चटक लागली. घासकाम आणि पॉलिश मी शिकले. दात लावायचं काम नानांचंच. दातांना त्यांनी आपली नावं ठेवली होती. पुढचे दोन मोठे ते मालक, त्यांच्या बाजूचे दोन ते शेजारी, त्यापलीकडे सुळे, आणि मागच्या सगळ्या दाढांना मिळून 'जनता'. डबीतले नवे दात सगळे सारखे, गुळगुळीत, शहाण्या मुलांच्या वर्गासारखे. नाना एकेकाला बत्तीवर धरलेल्या सुरीनं मेणात टेकवायचे आणि मग त्यांना बिघडवायला बसायचे. कुणाचा शेजारी किंचित वळवला, कुणाच्या मालकाची कड झिजवली, कुणाच्या सुळ्याला जरा पिवळी झाक दिली. खोड घातली, असं म्हणायचे. खोड घातली की तोंडात माणूस आला. नाहीतर नुसते दात.

मला हे सगळं फार आवडायचं. खोटं कशाला बोलू, मला त्या माणसाचं कौतुकच होतं. एकाच गोष्टीवरून माझं त्यांच्याशी वाजायचं. ते कशालाही सुंदर म्हणायचे नाहीत.

कवळी उत्तम झाली, "बसली." चहा फक्कड झाला, "बसला." मी नवा ड्रेस घालून समोर आले, तर चष्म्यावरून बघून म्हणाले, "बसलाय. खांद्यात जरा सैल आहे." माझ्या नवऱ्यानं मला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा आम्हा दोघांना शेजारी शेजारी उभं पाहून ते म्हणाले होते, "हं. बसतंय." त्या घरात याहून मोठी पसंती नाही, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मात्र मी घरी जाऊन आईला म्हटलं होतं, माणूस जरा विचित्रच आहे.

एकदा शिवणक्लासवाल्या बाई आल्या होत्या. एकट्याच राहायच्या. कवळी घालून त्यांनी आरशात पाहिलं, केस सारखे केले, आणि अगदी हळू विचारलं, "सुंदर दिसतेय का हो मी?" नाना म्हणाले, "बसलीय. चावून बघा." बाईंचा चेहरा एवढासा झाला. मीच पुढे होऊन म्हटलं, फार सुंदर दिसताय, वय उतरलंय. पण त्यांनी विचारलं होतं नानांना.

त्या गेल्यावर मी मशीन बंद केलं. "नाना, एक शब्द तोंडातून काढला असता तर काय बिघडलं असतं?"

नाना बत्ती विझवत होते. "सुंदर म्हटलं की माणूस बघायचा थांबतो," ते म्हणाले. "मी थांबलो की घासायचं राहून जातं. त्यांच्या डाव्या सुळ्याला ओठ लागत होता, पाहिलंस? मी 'वा वा' करत बसलो असतो तर ते दिसलं नसतं."

सुळ्याला ओठ लागत होता हे मी पाहिलं नव्हतं. तरी माझं समाधान झालं नाही.

आता माईंचं सांगते, कारण ही गोष्ट त्यांच्या दाताची आहे.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. नाना जितके मोजकं बोलणारे, तितक्या माई तोंडाला कुलूप नसलेल्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी नोकरी केली, सगळं आयुष्य कानाला यंत्र लावून याची तार त्याला जोडण्यात गेलं. कोण कुणाला फोन करतं, कोण कुणाशी बोलायला नाही म्हणतं, सगळ्या गावाची नाडी त्यांच्या हातात. सांगायला बसल्या की आपण हसून हसून आडवं व्हायचं. आणि त्या स्वतःही मनापासून हसायच्या, पण हसताना उजवा हात तोंडावर. एरवी एवढी धीट बाई, पण हसू आलं की हात वर. मी त्यांना हाताशिवाय हसताना कधी पाहिलं नव्हतं.

त्यांचा डावा शेजारी मालकाच्या दारात येऊन उभा होता. म्हणजे पुढच्या मोठ्या दाताच्या बाजूचा दात तिरका होऊन त्याच्यावर चढलेला. तोंड उघडलं की आधी तो दिसायचा, मग बाकीचे.

वर्कशॉपमध्ये बत्तीच्या वरच्या फळीवर एक जुना साचा होता, पिवळा पडलेला. लग्न नवं असताना नाना काम शिकत होते आणि माप घ्यायचा सराव बायकोवर करायचे, तेव्हाचा तो. बाकी साचे गिऱ्हाईक दात घेऊन गेलं की आम्ही फोडून टाकतो. तो एकच राहिला होता. फळी पुसताना मी तो उचलायचे आणि परत ठेवायचे. त्यात तो चढलेला दात स्वच्छ दिसायचा. साचा खोटं बोलत नाही.

मग माईंच्या हिरड्यांनी दगा दिला. दात हलायला लागले. डॉक्टरीणबाईंनी खूप प्रयत्न केले, पण शेवटी वरचे सगळे काढावे लागले. माई दोन-तीनदा खाली जाऊन आल्या आणि मग हिरड्या भरून येईपर्यंत तोंडाला रुमाल लावून घरात बसल्या. गप्पा बंद. फोन आला तर मला खूण करायच्या की घरात नाही म्हणून सांग. घर एकदम रिकामं वाटायला लागलं. नाना जेवताना सारखे त्यांच्याकडे बघायचे आणि मग ताटाकडे बघायचे.

माप आलं तसे नाना कामाला बसले. दुसऱ्या कुणाचं काम त्या दिवसांत हातात घेतलं नाही. फळीवरचा जुना साचा काढून समोर ठेवला आणि त्याच्याकडे बघत एकेक दात लावला. शेजारी बसवताना तर श्वास रोखून धरलेला. किती तिरका, किती वर, मालकाची किती कड झाकलेली, सगळं जसंच्या तसं. झाल्यावर त्यांनी मला हाक मारली. एरवी कधी मारत नाहीत.

"बघ," ते म्हणाले.

मी पाहिलं. मेणात माई होत्या. मी तसं म्हटलंही, आणि नाना लहान मुलासारखे खूश झाले.

ट्रायच्या दिवशी माई मागच्या दारानं वर्कशॉपमध्ये आल्या आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या. नानांनी कवळी पाण्यात बुडवून त्यांच्या हातात दिली. त्यांनी पाठ करून ती घातली. मग आरसा उचलला.

मी पॉलिशच्या मशीनशी उभी होते, तशीच उभी राहिले.

"हे काय?" माई म्हणाल्या.

"तुझे दात."

"माझे दात गेले की. गेलेले परत कशाला आणलेत?"

नानांना प्रश्नच कळला नाही. "अगं, तसेच केलेत. अगदी तसेच. हा साचा बघ, ताडून बघ."

"साच्याला काय विचारता? माझ्या तोंडात बसायचेत ना ते, मग मला विचारा." माईंनी आरसा मांडीवर पालथा टाकला. "लहानपणी सख्खे भाऊ मला फाटक म्हणायचे. अर्धं उघडं फाटक आलं, म्हणायचे. मावशी काय सांगायची? तोंड मिटून बस, तोवर तू नाकीडोळी नीटस आहेस. तेव्हापासून मी तोंडावर हात धरून हसतेय. तो दात एकदाचा गेला, तर मी मनात म्हटलं, चला, म्हातारपणी का होईना सुटका झाली. आणि तुम्ही तो हुडकून परत आणलात!"

"मला वाटायचं, ती तुझी लकब आहे," नाना म्हणाले. "हसताना हात वर जायची."

"लकब नव्हे, झाकण होतं ते."

नाना टेबलाच्या कडेला टेकले. त्यांच्या हातात मेणाची सुरी होती, ती त्यांनी पुसली, पुन्हा पुसली. मग जे म्हणाले ते ऐकून माझ्या हातातली कवळी पडता पडता वाचली.

"मला तो दात फार सुंदर वाटतो गं," नाना म्हणाले.

माई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मला वाटलं आता विरघळतील. पण माई त्या माई.

"जन्म गेला," त्या म्हणाल्या, "आणि आज तोंडातून शब्द निघाला, तो दाताला!"

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. नाना काहीतरी पुटपुटत होते, की तसा शब्द मी वापरत नाही, सुंदर म्हटलं की माणूस बघायचा थांबतो, आणि मला तुझ्याकडे...

"मग थांबायचंत ना एकदा," माई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "मी कुठे पळून जात होते? एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीला कुठले कुठले लोक बोलायचे. तोंड बघितलेलं नाही, नाव माहीत नाही, पण म्हणायचे, बाई, तुमचा आवाज सुंदर आहे. तिथे मी हात खाली ठेवून हसायचे. आणि घरी आले की माझा स्वतःचा नवरा म्हणायचा, आलीस? बसलीय भाजी." त्यांनी कवळी काढून नानांच्या हातात ठेवली, रुमाल तोंडाला लावला आणि त्या मागच्या दारानं आत गेल्या.

नाना ती कवळी हातात घेऊन उभे राहिले. मेण हाताच्या उबेनं मऊ पडतं, तसं पडायला लागलं, तरी त्यांच्या लक्षात येईना. शेवटी मीच ती घेऊन पाण्यात ठेवली.

त्या संध्याकाळी घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता. माझ्या नवऱ्यानं विचारलं, काय झालंय? मी म्हटलं, दात लागलेत. त्यालाही कळलं की आज जास्त विचारायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना स्वयंपाकघरात आले. माई ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. नाना दारातच थांबले. गिऱ्हाइकाशी बोलताना उभे राहतात तसे, हात मागे बांधून.

"तुला कसे हवेत?" त्यांनी विचारलं.

आयुष्यभर त्यांनी सगळ्यांना एकच विचारलं होतं, कसे होते. कसे हवेत, हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

माईंनी मागे वळून पाहिलं नाही, पण नळ बंद केला. "सरळ," त्या रुमालातून म्हणाल्या. "एका ओळीत."

"बरं."

"फार पांढरे नकोत. लोक म्हणतील, म्हातारीला हौस किती."

"नाही, फार पांढरे नाही."

"आणि जरा..." माई वळल्या, आणि माझ्याकडे बोट केलं. "हिचे आहेत तसे. हिचं हसू कसं मोकळं दिसतं."

नाना माझ्या दातांकडे अशा नजरेनं बघायला लागले की मी तोंड मिटून घेतलं. मग सकाळभर मला वर्कशॉपच्या खिडकीपाशी उजेडात तोंड उघडं ठेवून बसावं लागलं. सून म्हणून या घरात बरंच काही केलं, पण दाताचा नमुना म्हणून बसायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं.

मला वाटलं होतं, सरळ दात काय, नाना चुटकीसरशी लावतील. पण तसं झालं नाही. त्यांनी लावले आणि काढले, पुन्हा लावले आणि पुन्हा काढले. सरळ दातात लपायला जागा नाही, ते म्हणाले. वाकडा दात असला की लोकांचं लक्ष त्याच्याकडे जातं, बाकीचं खपून जातं. इथे केसाएवढं चुकलं तरी तोंड दुकानातलं वाटेल. आणि खरी अडचण वेगळीच होती, ती मला दिसत होती. डावा शेजारी लावायची वेळ आली की त्यांचा हात आपोआप तो तिरका करायला जायचा. बोटांनाच तसं माहीत होतं. मग ते थांबायचे, बत्ती बाजूला सारायचे आणि तो दात सरळ करायचे. एका मोठ्या माणसाला आपल्या हाताची खोड मोडताना मी तेव्हा पाहिलं. आवडीची गोष्ट आपल्याच हातांनी, चोख, कुणाला न दाखवता पुसून टाकणं सोपं नसतं. नानांनी त्या सरळ दातांत कुठेही कामचुकारपणा केला नाही. मनासारखं काम असतं तेव्हा करतात, त्याहून चांगलं केलं. मला त्यांचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

जुना साचा त्यांनी उचलून फळीच्या अगदी मागे, रिकाम्या डब्यांच्या आड ठेवला.

या वेळी ट्रायला माई आल्या, आरशात बघून नुसतं "हं" म्हणाल्या आणि गेल्या. त्या "हं"वर नानांनी कवळी पक्की केली. घासली मी, पण पॉलिश त्यांनी मला करू दिलं नाही.

मग तो दिवस आला. माई खुर्चीत बसल्या होत्या, केस नीट विंचरून, जरा बऱ्यापैकी कपडे घालून. कवळी घातली. आरसा उचलला. आधी ओठ मिटलेले. मग थोडे उघडले. मग त्यांनी आरसा जवळ आणला, लांब नेला, मान इकडे केली, तिकडे केली. त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. तोंड मिटून ठेवायची जी एक सवय त्यांच्या गालांना लागलेली होती, ती सुटताना दिसत होती.

मी नानांकडे पाहिलं. डोळ्यांनी जेवढं ओरडता येतं तेवढं ओरडले. आता तरी म्हणा!

नाना घसा खाकरून म्हणाले, "बसली."

मी कपाळावर हात मारला.

"ते मलाही कळतंय," माई म्हणाल्या. रागानं नाही, खरं म्हणजे मजेतच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून बोलायला लागल्या, स्पष्ट, पूर्वीसारख्या. इतक्या दिवसांचं साठलेलं होतं. "तुला सांगते, एक्स्चेंजमध्ये एक गृहस्थ रोज रात्री बायकोला फोन जोडून मागायचे. जोडून दिला की दोघंही गप्प. मी कान लावून बसायचे, की आता काहीतरी बोलतील. शेवटी ते विचारायचे, जेवलीस? ती म्हणायची, हो. झालं, फोन बंद. एके दिवशी मला राहवेना. मीच मध्ये तोंड घातलं आणि म्हटलं, अहो, काय जेवली ते तरी विचारा! तर तिकडून बाई म्हणते कशी, ताई, तुम्ही रोज ऐकता, मग तुम्हीच का नाही विचारत?"

मी खदखदून हसले. आणि माई हसल्या. हसताना त्यांचा उजवा हात उठला, नेहमीसारखा, तोंडाकडे निघाला, आणि अर्ध्या वाटेत थांबला. झाकायला काही उरलं नव्हतं. हात तसाच हवेत राहिला, त्याला आता कुठे जायचं ते कळेना. मग त्यांनी तो कानाकडे नेऊन उगीच केस सारखे केले आणि मांडीवर ठेवला. हसू मात्र चालूच होतं. उघडं, सगळ्यांना दिसेल असं.

नाना ते बघत होते.

"मी तो दात शोधत होतो," ते म्हणाले, "आत्ता, तू हसलीस तेव्हा."

माईंचं हसू जरा कमी झालं. "मग?"

"नाही सापडला. पण तू आहेस तीच आहेस." ते थांबले. "तो आठवेल मला. चालेल?"

"आठवा की खुशाल. आठवायला माझं तोंड कुठे लागतंय?"

नाना खुर्चीजवळ आले. त्यांनी हातातली कानस टेबलावर ठेवली, चष्मा काढला आणि खिशात घातला. चष्म्याशिवाय त्यांना जवळचं नीट दिसत नाही. म्हणजे आता घासायला, तपासायला ते बघत नव्हते.

"सुंदर," नाना म्हणाले.

"काय? दात?"

"तू."

माईंनी आरसा बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "पुन्हा म्हणा. हिला ऐकू आलं नसेल, मशीन चालू आहे."

मशीन केव्हाचं बंद होतं. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

"सुंदर दिसतेस," नाना म्हणाले. या वेळी शब्द जरा सरळ आला.

तेवढ्यात खालून बेल वाजली. मी सवयीनं नानांकडे पाहिलं, की आता निघतील. नाना हलले नाहीत. माईही मान वर करून तशाच बसून होत्या, हात मांडीवर, तोंडावर हसू.

"नाना," मी हळूच म्हटलं, "बेल."

"वाजू दे," नाना म्हणाले.

बेल दुसऱ्यांदा वाजली. मग मीच हात पुसले आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले.